आतल्या थरांचे नागपूर

शुक्रवार

नागपूरची ख्याती उन्हाळ्याची आहे आणि ती रास्तच आहे. पण ज्यांनी इथला जानेवारी पाहिला नाही त्यांना इथल्या घरोघरी माळ्यावर वाकळांच्या चळती कशासाठी रचलेल्या असतात, हे कळणे अवघड आहे. २९ डिसेंबर २०१८ रोजी या शहराचा पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला होता. यंदा तेवढी थंडी नव्हती, तरी विदर्भ एक्सप्रेसमधून सकाळी उतरलेले बहुतेक प्रवासी कानटोपी आणि मफलरीत होते, आणि स्थानकाबाहेरच्या तर्री-पोह्यांच्या ठेल्याभोवती लोक खाण्याइतकेच शेगडीच्या उबेसाठी उभे होते.

मी आले होते वाकळा पाहायला. पुण्यामुंबईच्या प्रदर्शनांत गोधड्या भिंतीवर टांगलेल्या असतात, त्यांच्या रंगसंगतीविषयी कौतुकाचे चार शब्द लिहिलेले असतात आणि पाहणाराही तेवढ्यावर समाधान मानून पुढे जातो. मात्र वाकळ ही निदान तीन थरांची वस्तू असते. वरचा थर आणि अस्तर दिसते. मधल्या थरात काय घातले आहे हे ती शिवणाऱ्या बाईखेरीज कोणालाही ठाऊक नसते. मला त्या मधल्या थराविषयी विचारायचे होते. विचारण्यासाठी नागपूर निवडले, कारण माझी मामेबहीण इथे महालात राहते आणि तिच्या सासूबाईंच्या हातच्या वाकळांविषयी मी लग्नापासून ऐकत आले आहे.

गांधी गेट, म्हणजे भोसल्यांच्या काळातला जुम्मा दरवाजा, ओलांडून आत शिरले की महालातल्या गल्ल्या अजूनही जुन्या घरांच्या सावलीत असतात, त्यामुळे ऊन हवे असेल तर गच्चीवरच जावे लागते. काकूंनी, म्हणजे मामेबहिणीच्या सासूबाईंनी, मला चहाही गच्चीवरच दिला. कठड्यावर पाच-सहा वाकळा उन्हे दाखवायला टाकलेल्या होत्या आणि काकू एकेकीची बाजू उलटीत होत्या. वय सत्तरीच्या पुढे, हाताची बोटे सांधेदुखीने थोडी वाकलेली, तरी वाकळ उलटताना त्या कोणाला हात लावू देत नव्हत्या.

"ह्यात काय आहे, काकू?" मी एका निळसर वाकळेकडे बोट करून विचारले.

"वरती माझी दोन लुगडी आहेत. अस्तर मांजरपाटाचं."

"आणि आत?"

त्यांनी माझा हात धरून वाकळेच्या एका कोपऱ्यापासून वीतभर आत ठेवला. "दाबून पाहा बरं." बोटांखाली एक आडवी, जाडसर कड लागली आणि तिच्याखाली चौकोनी आकार. तो खिसा होता. काका टपाल खात्यात पोस्टमन होते. खात्याकडून मिळणारा खाकी गणवेश झिजला की काकू बटणे, काजे, कॉलर सगळे उसवून काढीत आणि सपाट झालेले कापड वाकळेत घालीत. या एका सदऱ्याचा खिसा मात्र त्यांनी उसवला नव्हता. "तीस वर्षं मी त्या खिशावर इस्त्री केली. गावभराची पत्रं त्यांच्या पिशवीत असायची, पण मनीऑर्डरीचा हिशेबाचा कागद ह्या खिशात. एवढा एक राहू दिला, बाई." खाकीचे कापड जाड असते, त्यामुळे तिथे सुई अडते आणि टाके वाकडे पडतात, ते वाकडे टाके वरूनही दिसत होते, फक्त त्यांचे कारण दिसत नव्हते.

काका गेल्यावर ती वाकळ कोणी पांघरायची, यावर घरात बरीच चर्चा झाली होती म्हणे. गेलेल्या माणसाचे कपडे काही घरांत दान करतात, काही घरांत नदीत सोडतात, काही घरांत त्यांना कोणी हातही लावीत नाही. काकूंच्या घरी तसा काही दंडक नव्हता, आणि असता तरी त्यांनी तो मानला असता असे मला त्यांच्याकडे पाहून वाटले नाही. ती वाकळ त्या स्वतः पांघरतात.

शनिवार

सकाळी गांधीबाग आणि इतवारी. नागपूरच्या कित्येक पेठांना वारांची नावे आहेत, पण बाजार सगळे दिवस भरलेला असतो. गांधीबागेत कापडाच्या ठोक दुकानांच्या रांगाच रांगा आहेत. ठाण उलगडून दाखवणारी माणसे, पाठीवर गठ्ठे घेतलेले हमाल आणि गल्लीच्या तोंडाशी कातरणाची पोती. शिंप्यांकडची ही कातरणे वजनावर विकली जातात, आणि ज्यांच्या घरी जुने सुती कपडे उरले नाहीत अशा बाया ती घेऊन जातात. माझ्यासमोर एका बाईने पोत्यात हात घालून मूठभर चिंध्या काढल्या, त्या गालाला लावून पाहिल्या आणि परत टाकल्या. सगळे पॉलिएस्टर होते.

तिथून गोळीबार चौक आणि तांडापेठेकडे गेले. हा भाग विणकरांचा, मुख्यत्वे हलबा कोष्टी समाजाचा. रेशीमकाठी नागपुरी लुगडी इथल्या हातमागांवर विणली जात, आणि ज्या झणझणीत सावजी रश्श्यासाठी बाहेरगावचे लोक नागपुरात हॉटेले शोधत फिरतात, तोही याच समाजाच्या स्वयंपाकघरातून बाजारात आला आहे. रश्श्याला गिऱ्हाईक वाढले, लुगड्याला राहिले नाही. नऊवारी नेसणाऱ्या बाया कमी झाल्या, यंत्रमागाने भाव पाडले, आणि गल्लीभर ऐकू येणारा मागांचा खटका तुरळक झाला. १८७७ साली जमशेटजी टाटांनी सुरू केलेली एम्प्रेस मिल नागपूरच्या कापड-इतिहासात हटकून सांगितली जाते. ती बंद पडली आणि तिच्या जागी मॉल उभा राहिला, हेही सगळ्यांना माहीत आहे. घरातले माग कधी बंद पडले, याची मात्र कुठे पाटी लागलेली नाही.

ज्या घरी मी गेले तिथे ती पाटी जमिनीवर होती. बैठकीच्या खोलीतली फरशी पिवळसर आणि तिच्या मधोमध खाटेएवढा एक आयत करड्या फरशीचा. "इथं मागाचा खड्डा होता जी," घरच्या मावशी म्हणाल्या. "हे त्याच्यात पाय सोडून बसत. माग इकल्यावर बुजवला, पण तसली फरशी मंग बजारात भेटलीच नाही." त्या करड्या आयतावरच त्यांनी आपली वाकळ पसरली.

मी पुष्कळ वाकळा पाहिल्या आहेत, पण अशी पाहिली नव्हती. वरचा सगळा थर चार-चार बोटे रुंदीच्या पट्ट्यांचा, आणि प्रत्येक पट्टी म्हणजे लुगड्याच्या काठाचा नमुना. नवा काठ मागावर चढवला की साडीला हात घालण्याआधी मावशींचे यजमान थोडे विणून पाहत. रंग नीट बसला, धागा तुटत नाही, अशी खात्री झाली की तेवढा तुकडा कापून बाजूला टाकीत. ते तुकडे मावशींनी वर्षानुवर्षे पत्र्याच्या डब्यात साठवले. जांभळ्यावर पिवळा, हिरव्यावर तांबडा, एक अगदी अरुंद काळा. मावशी बोट ठेवून सांगत होत्या, हा मोठ्या पोरीच्या वेळचा, हा पुलाजवळच्या शेठसाठी विणला तो, हा एकदाच विणला, पुन्हा कोणी मागितला नाही. शेवटच्या ओळीतले चार तुकडे एकसारखेच होते. त्या दिवसांत तेवढा एकच काठ विकला जाई.

"आत काय आहे, मावशी?"

"आत कर्जाचं लुगडं आहे."

एका पावसाळ्यात छत गळले आणि मागावर अर्धे विणलेल्या लुगड्यावर पाण्याचे डाग पडले. व्यापाऱ्याने सूत उधारीवर दिले होते; डागी माल त्याने घेतला नाही आणि सुताचे पैसे सोडले नाहीत. लुगडे विकताही येईना आणि नेसायची हिंमतही होईना, कारण काठ रेशमाचा होता आणि त्या घरात रेशीमकाठी लुगडे फक्त विणले जाई. "दोन वर्सं लागली जी ते कर्ज फेडाले. एवढं महाग लुगडं, त्याले फेकाव कसं?" ते तसेच्या तसे, न फाडता, दुमडून वाकळेच्या पोटात गेले. मी वाकळ उचलून पाहिली तेव्हा ती दिसते त्यापेक्षा जड लागली.

संध्याकाळी हस्तकलेच्या एका विक्री-दालनात डोकावले. तिथे गोधड्या होत्या, सुरेख रंगांच्या, नव्या कापडाचे तुकडे जोडलेल्या, किंमत हजारांत. आत काय आहे, हे विक्रेत्याला विचारले तर त्याने चटकन उत्तर दिले, "फायबर." या व्यवसायाला नावे ठेवण्याचा माझा हेतू नाही. त्यावर अनेक बायांना मजुरी मिळते आणि मजुरी मिळणे ही काही लहान गोष्ट नव्हे. फक्त माझ्या प्रश्नाला तिथे एका शब्दाचे उत्तर पुरत होते. त्या दालनात बंगालची कांथाही, म्हणजे तिकडची वाकळच, होती आणि मला चैतन्य महाप्रभूंच्या चरित्रातला प्रसंग आठवला: मुलगा संन्यास घेऊन पुरीला राहिला तेव्हा शचीमातेने त्याच्यासाठी घरी शिवलेली कांथा यात्रेकरूंच्या हाती पाठवली, असे सांगतात. संन्याशाला आईने दुसरे काय पाठवले असते तर ते त्याला चालले असते, याचा मी परतताना मेट्रोत बराच वेळ विचार करीत होते.

रविवार

या दिवसाविषयी जरा विस्ताराने लिहिले पाहिजे.

सकाळी दीक्षाभूमीवर गेले. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, अशोक विजयादशमीला, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी इथे महास्थविर चंद्रमणी यांच्याकडून बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि त्यानंतर लाखो अनुयायांना स्वतः दीक्षा दिली. आज तिथे भव्य स्तूप आहे, त्याच्या आत फिरताना पावलांचा आवाजही घुमतो. ऑक्टोबरात इथे पाय ठेवायला जागा नसते. जानेवारीच्या रविवारी शाळेची एक सहल आणि काही कुटुंबे एवढेच लोक होते. त्या दिवशीच्या छायाचित्रांत पांढऱ्या कपड्यांतला जो अफाट समुदाय दिसतो, त्याच्याकडे मी या वेळी निराळ्या नजरेने पाहिले, कारण दुपारी मला इंदोऱ्यात एका आजींकडे जायचे होते आणि त्यांच्या वाकळेविषयी आधीच थोडे कानावर आले होते.

इंदोरा चौकात मेट्रोतून उतरून आत गेले. आजींची सून शाळेत शिक्षिका आहे, नातू इंजिनिअरिंगला. घर दोन मजली, दिवाणखान्यात बुद्धाची मूर्ती आणि बाबासाहेबांची तसबीर. "जय भीम, या," म्हणून सुनेने आत घेतले. आजी पलंगावर बसल्या होत्या. वाकळ कपाटातून काढायचा मान नातवाचा होता. त्याने ती दोन्ही हातांवर घेऊन आणली.

दिसायला ती अगदी साधी. वर फिक्या गुलाबी रंगाचे सुती पातळ, खाली चौकटीचे अस्तर, आणि बाहेरच्या कडेपासून सुरू होऊन चौकोनात चौकोन करीत मध्यापर्यंत गेलेला धावदोरा. टाका तांदळाच्या दाण्याएवढा आणि कुठेही चुकलेला नाही. ही वाकळ आजींच्या सासूने शिवली. ती बाई १९५६ साली उमरेडकडच्या एका खेड्यातून गावकऱ्यांबरोबर पायी निघून नागपुरात आली होती. अंगावर पांढरे लुगडे, जे तिने या दिवसासाठी धान्य विकून घेतले होते. नवे, आणि तिच्या आयुष्यातले पहिलेच पांढरे. तोवर जी लुगडी तिला मिळाली ती कोणाची तरी वापरलेली होती.

"थे लुगडं त्यायनं दोनदाच नेसलं," आजी म्हणाल्या. दुसऱ्यांदा कधी, हे त्यांनी लगेच सांगितले नाही. पाणी प्यायल्या आणि मग म्हणाल्या, "सहा डिसेंबरले." दीक्षेला दोन महिनेही झाले नव्हते तोच बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. मुंबईला जाण्यासारखी परिस्थिती नव्हती. गावातल्या बाया पांढरी लुगडी नेसून एका अंगणात रात्रभर बसून राहिल्या. त्यानंतर ते लुगडे पेटीत गेले आणि तिथे कैक वर्षे राहिले.

पेटीत ठेवलेले सुती कापड टिकत नाही; घडीवर पिवळे पडते आणि घडीवरच विरते. एकदा पेटी उघडली तेव्हा ते दोन ठिकाणी फाटलेले निघाले. मग सासूने वाकळ घातली आणि ते मधल्या थरात ठेवले. त्यावर भावकीत बरेच बोलणे झाले. ज्या लुगड्यात दीक्षा घेतली ते अंथरुणा-पांघरुणात घालायचे? त्याला पाय लागेल, पोरे त्यावर लोळतील. आजींनी सासूचे उत्तर त्यांच्या शब्दांत सांगितले आणि ते मी तिथेच वहीत लिहून घेतले: "पेटीत ठेवलं तं कसर खाईन. वाकयीत ठेवलं तं लेकरायच्या अंगावर राहीन."

मात्र त्यांनी एक शिस्त घालून दिली, जी घरात अजून पाळली जाते. ही वाकळ पांघरायची, अंथरायची नाही. तिला डोक्याची बाजू आणि पायाची बाजू आहे. डोक्याच्या बाजूला कडेवर निळ्या दोऱ्याचे तीन आडवे टाके घातलेले आहेत. घरात मूल जन्मले की सव्वा महिन्यानंतर एकदा त्याला या वाकळेत घेतात. नातू बारावीच्या परीक्षेच्या रात्री ती मागून घेऊन झोपला होता, हे त्याच्या आईने सांगितले तेव्हा तो जागेवरून उठून आत गेला.

धुण्याचे काय, असे मी विचारले, कारण जड वाकळ धुणे हे दोन माणसांचे काम असते. ती पायांनी तुडवावी लागते आणि दोघांनी दोन टोके धरून पिळावी लागते. आजी हसल्या. "हिले तुडवत नाही. हिले टोपल्यात बसवून हातानं धुतो, अन् मी अन् सून मिळून पिळतो. पहिले मी अन् सासू पिळत होतो." वरचे पातळ एकदा बदलले आहे, अस्तर दोनदा. जुने टाके न उसवता त्यावरच नवे कापड ठेवून पुन्हा धावदोरा घातला, त्यामुळे आतले पांढरे लुगडे उघडे पडलेले आजींनीही कधी पाहिलेले नाही. लग्न होऊन त्या या घरात आल्या तेव्हा ते आधीच आत गेलेले होते.

मी सुनेला विचारले, पुढे कधी उसवून पाहावेसे वाटते का, एखाद्या संग्रहालयाला द्यावेसे वाटते का. त्या थोडा वेळ विचार करून म्हणाल्या, "संग्रहालयात काचेत ठेवतील, म्हणजे पुन्हा पेटीच झाली ना ती."

सोमवार

सावनेरच्या वाटेवरच्या एका गावात गेले. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापूस, वेचणी उतरणीला लागलेली, पांढऱ्या बोंडांपेक्षा पऱ्हाट्याच जास्त. ज्या प्रदेशात कापूस असा दारापुढे पिकतो, देशाची कापूस संशोधन संस्था ज्या शहरात आहे, तिथल्या बाया वाकळेत कापूस घालीत नाहीत, याचे परगावच्या माणसाला नवल वाटते. कापूस ही विकायची वस्तू. त्याची पिंजलेली रजई शिवायची तर पिंजाऱ्याला पैसे द्यावे लागतात. वाकळेला घरातले जुने कपडे, सुई, दोरा आणि दुपार एवढेच लागते.

अंगणात काम चालू होते. सारवलेल्या जमिनीवर अस्तर ताणून चारी कोपऱ्यांना दगड ठेवलेले, त्यावर उसवलेल्या कपड्यांचे तुकडे मांडणे सुरू. हे मांडणेच खरे कसबाचे काम आहे. दोन तुकड्यांत फट राहिली तर तिथून थंडी शिरते आणि एकावर एक जास्त आले तर गाठोडे होते. एक काकू गुडघ्यांवर सरकत पाण्याचा शिपका मारून हाताने सुरकुत्या काढीत होत्या. मग वरचे पातळ, मग लांब कच्चे टाके, आणि त्यानंतर चौघी जणी चार बाजूंना बसून आत सरकत येणार. चौघींचे टाके चार तऱ्हेचे पडतात. आखूड-लांब झालेला टाका कोणी उसवीत नाही. "मंग ओळखू कसं येईन कोणी शिवली ते?" असे त्यांचे म्हणणे.

ही वाकळ घरच्या धाकट्या मुलीच्या बाळंतपणासाठी होती, म्हणून कापड निवडताना जास्त वाद. आजेसासूचे लुगडे मऊ, ते वर. आजोबांचे धोतर बाळाच्या दुपट्यांसाठी वेगळे काढून ठेवलेले, कारण पहिल्या दिवसांत बाळाच्या अंगाला जुनेच कापड लागावे, अशी रीत. टेरिकॉटची साडी बाद: घाम पित नाही आणि सुईखालून घसरते. मुलीच्या शाळेचा गणवेश आत घ्यायचा की नाही, यावर बोलणे रेंगाळले. आठवीत शाळा सुटली होती तिची, आणि तो गणवेश वर्षभरही अंगाला लागला नव्हता. आईने तो न बोलता मधोमध ठेवला, त्यावर पाणी शिंपडले आणि तळव्याने दाबून बसवला. मुलगी ओट्यावर बसून पाहत होती. काही म्हणाली नाही.

अडचण वेगळीच आहे आणि ती सगळ्या जणी मोकळेपणाने बोलल्या. सुती लुगडी संपत आली. आताच्या साड्या, लेगिंग, होजिअरीचे टी-शर्ट यांची वाकळ होत नाही. टी-शर्ट ताणला जातो आणि पहिल्या धुण्यात वाकळ आखडते. अजून एक-दोन पिढ्यांना पुरेल एवढे धोतर-लुगडे पेट्यांतून निघेल, पुढे काय घालायचे, हे कोणालाच सांगता येईना. तेवढ्यात कॉलेजात जाणारी पुतणी घरातून आपली जुनी जीन्स घेऊन आली आणि आजीपुढे धरून म्हणाली, "आजी, ही पक्की सुती आहे. हिले घेतेस का?"

आजीने चष्मा वर करून जीन्स उलटी-सुलटी पाहिली, शिवण बोटांनी चोळली, पायाच्या तळाची दुहेरी कड नखाने उचकटून पाहिली. "कापड चांगलं आहे. पण शिवणी सगळ्या उसवून आण, अन् थे कंबरेचं काढून टाक. अन् बजारातून दाभण आणजो, ह्या सुईनं नाही होत."

पुतणी उसवायला बसली.